मिशीसकट देवीपुढे

मी करावे गावच्या नाटकातल्या खलनायकाची मिशी बोलतेय. हसू नका. इथले मुकुट भाड्याचे, तलवारी पुठ्ठ्याच्या. अस्सल अशी मी एकटीच.

रंगभूषा करणाऱ्या गोटीरामने काळ्या बोकडाचे केस मच्छरदाणीच्या तुकड्यावर एकेक करून गुंफले आणि मला दोन्ही बाजूंनी पीळ दिला. तो पीळ अजून गेलेला नाही. त्याच वर्षी मी देवजीच्या ओठावर चढले, त्याला आता तीस वर्षं झाली. वर्षभर बिस्किटाच्या डब्यात डांबराच्या गोळ्यांशेजारी झोपायचं आणि गावदेवीच्या जत्रेला गाव हादरवायचं, हा आमचा धंदा.

देवजी खाडीत मासेमारी करणारा, मुंगीलाही वाट देणारा माणूस. पण मी चढले की त्याने विष कालवलं, घरं पेटवली, नायिका पळवल्या. का? कुणास ठाऊक! लिहिणाऱ्याने ते कधी लिहिलंच नव्हतं.

पहिल्या रांगेत यशोदाबाई बसायची. आमचं एखादं पाप तिला सहन झालं नाही की तिची चप्पल स्टेजवर यायची. नाटक मंडळ चालवणारा मिथुन खूश व्हायचा. "चप्पल पडली म्हंजे नाटक उभा राहिला!"

नाटक संपलं की सगळी पात्रं त्याच वेषात देवीपुढे नारळ फोडायला जात. फक्त खलनायकाने मिशी उतरवून, तोंड धुऊन जायचं. पापाचं तोंड देवीला दाखवू नये, ही गावची पद्धत. मी मागे बादलीजवळ पडून नारळांचे आवाज ऐकायची. मला राग यायचा, आजही येतो.

यंदा देवजीचे गुडघे बोलायला लागले. "ह्यो शेवटचा," तो मला कुरवाळत नातीला म्हणाला. "येकदा तरी हिला घेऊन आईम्होरं उभा रायलो असतो, जागृती."

जागृती नेरूळच्या कॉलेजात शिकते. तिने नवं नाटक लिहिलं.

ते वाचून मिथुनला घाम फुटला. "अगं, व्हिलनला शिव्या घालायच्या का त्याच्यासाठी रडायचं? चप्पल नाय पडली तर?"

"नाय पडली, तर पुढच्या वर्षी तू लिही."

या वेळी देवजी झाला खाडीच्या बांधाचा राखणदार. त्याचं पोर बांधाच्या पाणी अडवणाऱ्या दारात अडकतं. दार उघडलं तर पोर सुटेल, पण भरतीचं पाणी शिरून मिठागरातलं सगळं मीठ वाहून जाईल. गाव दार उघडू देत नाही. पोर जातं. पुढे एके दिवशी तो कुदळ घेऊन बांधच फोडतो. पाच घरं वाहून जातात. मग पाण्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी पोराची हाक येते. तो उडी मारतो, पोराला वर ढकलतो आणि स्वतः बुडतो.

तीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं, आम्ही वाईट का वागतो ते. वाईट ते वाईटच, घरं गेली ती गेलीच. पण कारण कळल्यावर मला पीळ सांभाळता येईना.

देवजीने कुदळ उचलली, तशी यशोदाबाईने चप्पल उचलली. देवजी खरंच रडत होता. गम सुटला आणि मी एका बाजूने लोंबकळू लागले. आता हसणार सगळे! कुणीच हसलं नाही. यशोदाबाईने चप्पल हळूच खाली ठेवली आणि पायात सरकवली.

पडदा पडला. ना टाळी, ना शिट्टी.

"पडला गं नाटक, पोरी," देवजी म्हणाला आणि मुकाट्याने बादलीकडे वळला. त्याचा हात माझ्यापर्यंत आला, इतक्यात मागच्या पायऱ्या चढून धापा टाकत यशोदाबाई आली.

"देवज्या, मिशी काडू नको!"

"मावशी, पद्धत हाय..." मिथुन पुटपुटला.

"पद्धत मना शिकवतं? तीस वर्सं मी याला चप्पल मारली. आज कुनाला मारू? दार बंद ठेवनारी आमीच नं!" तिने देवजीचं मनगट धरलं. "चल. हाय तसा चल आईम्होरं."

आम्ही पडद्याबाहेर आलो आणि टाळ्यांचा असा गडगडाट झाला की शेजारच्या सीवूड्सच्या टॉवरांमधले लोक बाल्कनीत आले.

बँजो वाजत होता. गुलाल उडत होता. एका बाजूने लोंबकळणारी मी, सगळ्यांच्या पुढे! देवजीने एका फटक्यात नारळ फोडला. देवीने मला पाहिलं. तोंड फिरवलं नाही, शपथ घेऊन सांगते.

आता मी पुन्हा डब्यात आहे. केसांत गुलाल अडकलाय, देवजी तो झटकू देत नाही. परवा जागृतीने मला आरशासमोर स्वतःला लावून पाहिलं. पुढच्या वर्षी खलनायक तीच. शोभते हो पोरीला!

तुम्हीही जत्रेला या. चप्पल हातात ठेवलीत तरी माझी हरकत नाही. फक्त फेकण्याआधी माझं सगळं ऐकून घ्या.