एका ओळीत एक शब्द

वडिलांची वाचा गेली त्याला तीन महिने झाले होते. झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. वाचता मात्र पहिल्यासारखं येत होतं. छापखान्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आता दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. थोरल्या लेकीने त्यांच्यासाठी टॅबलेट आणला. पहिलं अक्षर दाबायचं, त्या अक्षराचे शब्द समोर येतात, हवा तो दाबला की आतली बाई तो मोठ्याने म्हणते. फक्त शब्दांची यादी आपली आपण भरायची होती.

ती यादी शोधता शोधता थोरलीच्या नाकी नऊ आले. एक फाइल उतरवली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दुसऱ्या ठिकाणी मोबाइल नंबर घेतला, ईमेल घेतला आणि हातावर ठेवले ते शब्दकोशाच्या पानांचे फोटो. तिसरी यादी कुण्या प्राध्यापकाच्या पानावर अगदी तळाशी पडलेली होती. साधा मजकूर, एका ओळीत एक शब्द, अर्थबिर्थ काही नाही, दीड लाख शब्द, फुकट. त्या अनोळखी प्राध्यापकाच्या पाया पडावंसं वाटलं तिला.

वडिलांनी 'प' दाबला. पंक, पंकज, पंकिल, पंक्ती, पंख... 'पाणी' येईपर्यंत त्यांच्या घशाला कोरड पडली.

"अगं, त्यांना कुठे एवढे शब्द लागतात?" आई म्हणाली. "लिही, मी सांगते."

भाजी चिरता चिरता ती सांगत गेली. पाणी, पंखा, पेपर, चष्मा, चहा, मोजे, उशी, मीठ. त्रेसष्टावर थांबली.

"एवढेच?"

"चाळीस वर्षांत याहून जास्त बोलले असतील, तर ते माझ्याशी नव्हे."

एक शब्द राहिला होता, हे थोरलीच्या लगेच लक्षात आलं. चहा निवला की मूर्ख, किल्ली सापडली नाही की मूर्ख, आणि काहीच बिनसलं नसलं, नुसती हाक मारायची असली, तरी तेच. लहानपणी थोरलीला ते आईचं नावच वाटायचं. तिने आईकडे पाहिलं. आईने वर पाहिलं नाही.

थोरलीने आईचे त्रेसष्ट वर ठेवले आणि दीड लाख त्यांच्याखाली. त्यातला तो एक खोडायला क्षण पुरला असता. पण मुक्या झालेल्या बापाचा एकही शब्द काढून घ्यायला तिचा हात धजावला नाही.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. बाई 'चहा' म्हणाली की चहा यायचा. आई खूश होती. आतल्या बाईचा आवाज तिला फार गोड वाटायचा.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी 'म' दाबला.

"मोजे?" आईने विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "मीठ कमी पडलं का?" पुन्हा मान हलली. आई कंटाळून आत गेली.

वडील खाली खाली जाऊ लागले. मंगळ, मंच, मंजूर... बाजूला बसलेल्या थोरलीला ते कुठे निघालेत ते कळलं. टॅबलेट काढून घ्यावा असं तीनदा वाटलं, तीनदा ती बसून राहिली. सतरा मिनिटं ते डाव्या हाताच्या एका बोटाने यादी सरकवत होते. मग बोट थांबलं.

"मूर्ख," बाई अदबीने म्हणाली.

"आले," आतून आई म्हणाली.

ओल्या हातांनी ती दारापर्यंत आली आणि तिथे आल्यावर तिला कळलं. वडील तिच्याकडे बघत होते. थोरलीने मान खाली घातली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

"काय हवंय?" आईने विचारलं.

वडिलांनी रिकाम्या पेल्याकडे नजर टाकली.

"मग पाणी म्हणा," आई म्हणाली. "यादीत पहिलाच आहे."

ती दाराला टेकून उभी राहिली. वडिलांचं बोट बराच वेळ तसंच वर राहिलं. मग ते हळूहळू 'प'कडे गेलं.