झाकलेला झरा

साखळीदादा आयुष्यात एकदाच खोटं बोलला होता, पण बोलला तो थेट सरकारशी.

बावीस वर्षांपूर्वी तो मोजणीवाल्यांची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून डोंगरोडोंगर हिंडायचा, म्हणून हे नाव. उन्हाने मेटाकुटीला आलेल्या मोजणीसाहेबांनी विचारलं, "वर पाणीबिणी आहे का रे?" याने पटकन सांगितलं, "वर? वर नुसते दगड, साहेब." साहेबांनाही चढायचा कंटाळाच होता. नकाशात डोंगर कोरा राहिला. आता याने असं का करावं? तर शेजारच्या गावाने आपला झरा मोठ्या कौतुकाने सरकारला दाखवला होता, आणि वर्षाच्या आत त्याला पाइप लागून पाणी खालच्या कारखान्यात गेलं. त्या गावच्या बायका अजून टँकरची वाट बघतात. हे डोळ्यांनी बघितल्यावर कोण शहाणा खरं बोलेल, सांगा!

तेव्हापासून गावाला सवयच जडली. सरकारी जीप वळणावर दिसली की वरच्या वस्तीतल्या बायकांनी झरा झाकायचा. कुंडावर फरश्या ओढायच्या, वर माती, त्यावर काट्याकुट्या. जादा पाणी दगडांखालून ओढ्यात जायचं, बाहेर थेंब दिसायचा नाही. या कामाच्या मुकादम म्हणजे दादाच्या वहिनी. थोरल्या भावाची बायको, सत्तरीला आलेल्या, आणि जीभ अशी की दादा अजूनही त्यांच्यासमोर खाली मान घालून जेवायचा.

आणि आता सरकारचं नवं धोरण आलं. ज्या डोंगरावर पाण्याची नोंद नाही, तो दगडखाणीला द्यायचा. नोंद असेल, तर तिथून तीनशे मीटरच्या आत सुरुंग लावायचा नाही. झालं! गावाने स्वतःच्याच हाताने आपला डोंगर खाणवाल्याच्या ताटात वाढून ठेवला होता. सुरुंग लागले की झऱ्याची वाट फुटणार आणि गाव कोरडं पडणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

हरकतींची सुनावणी शाळेच्या खोलीत होती. खाणखात्याच्या बाई लहान मुलांच्या बाकावर कशाबशा मावल्या होत्या. त्यांनी धूळ ऐकली, घरांच्या भिंती ऐकल्या, आणि मग म्हणाल्या, "पाणी आहे का, ते सांगा. नकाशात तर नाही."

सगळे दादाकडे बघू लागले. दादा उठला.

"आहे, बाईसाहेब. बारमाही आहे. तेव्हा मीच खोटं सांगितलं."

"तेव्हा खोटं बोललात. मग आज खरं बोलताय कशावरून?"

खाणवाल्याचा वकील खो-खो हसला. दादाला घाम फुटला. "वर चला, दाखवतो," एवढंच त्याला सुचलं. आणि बाई खरंच उठल्या.

चढून वर पोचले, आणि दादा जागीच थबकला. झऱ्याच्या जागी काट्याकुट्यांचा ढीग, आणि शेजारी वहिनी पाय पसरून वाटाणे सोलत बसलेल्या. जीप दिसली होती ना! त्यांनी काम चोख केलं होतं. खरं सांगायचं हे काल गावाने ठरवलं, आणि ते वहिनींच्या कानावर घालायचं काम दादाकडे होतं. पण आमचे शूरवीर 'सकाळी सांगू' म्हणत टाळत राहिले.

"इथे काही नाही हो," वहिनींनी बाईंना आपणहून सांगितलं. "नुसते दगड. उगाच दमलात."

"लिहून घ्या, मॅडम," वकील खूश होऊन म्हणाला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"वहिनी, उठा!" दादा ओरडला. उभ्या जन्मात तो त्यांच्यावर ओरडला नव्हता. "उघडा ते!"

"भावजी, ऊन लागलं का डोक्याला?"

"मी सगळं सांगून टाकलंय. कालच ठरलं होतं, तुम्हाला सांगायला घाबरलो. माझं चुकलं. नंतर हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण आत्ता उठा. नाहीतर इथे सुरुंग लावतील!"

वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, "दाखवलं, तर पाइप लावाल?"

"ते खातं माझं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांची हमी मी कशी देऊ? पण नाही दाखवलंत, तर सुरुंग नक्की लागतील."

वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गोड बोलली नाहीस, ते बरं केलंस," म्हणाल्या, आणि वाटाण्यांची टोपली बाजूला ठेवली.

दीर-भावजयीने मिळून फरशी ओढली. खाली काठोकाठ गार पाणी, तळातला खडा न् खडा दिसणारा.

"हा खड्डा काल खणून भरला असेल!" वकील म्हणाला.

बाईंनी कुंडाच्या काठावर बोट ठेवलं. घागरी टेकून टेकून तिथल्या दगडाला वाट्या पडल्या होत्या. मग त्यांनी टेप काढून खाणीच्या हद्दीपर्यंतचं अंतर मोजलं. एकशे चाळीस मीटर.

"पूर्वीच्या मोजणीत नोंद राहून गेली," त्या लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या.

"राहून नाही गेली, बाईसाहेब, मीच..."

"राहून गेली," बाईंनी ठासून सांगितलं. "इथे खाण होणार नाही."

दादाचा जीव भांड्यात पडला. तो मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

बाई आणि वकील उतरून गेल्यावर वहिनींनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"आता कागदावर आलं. उद्या पाइपवाले येतील."

"येतील. मग भांडू. उघड भांडू."

दादा शिव्यांची वाट बघत होता. वहिनींनी कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली.

"बावीस वर्षं या फरश्या ओढतेय मी, भावजी. जीप दिसली की चूल सोडून पळायचं, तापात पळायचं. सुटले हो, सुटले!"

आणि त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.