कमरेची शिवण

गाऊन तोच बसतोय म्हणजे पोट वाढलेलं नाही, असा माझा हिशेब होता. कॅन्सर झालेल्या बाईला धीर टांगायला कुठेतरी खुंटी लागतेच. माझी ती खुंटी होती.

दोन केमोंच्या मधल्या दिवसांत हॉस्पिटलातली सिस्टर फोन करायची. "काकू, पोट फुगल्यासारखं वाटतंय? कपडे घट्ट होतायत?" पोटात पाणी साठू शकतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"छे गं, तोच गाऊन घालते," मी तोऱ्यात सांगायची. वजनही वाढलेलं नव्हतं. दोन घासांत पोट भरायचं, उताणं झोपलं की धाप लागायची, पण ते मी केमोच्या नावावर खपवत होते. केमोच्या नावावर काय वाटेल ते खपतं.

मग नणंद भेटायला आली. तिच्या तोंडाला फाटक नाही. दारातूनच म्हणाली, "अगं वहिनी, पोट केवढं झालंय!"

"डोळे तपासून घ्या, वन्सं. गाऊन तोच आहे."

ती चहा टाकायला गेली आणि मी न्हाणीघरात जाऊन गाऊन उतरवला. उलटा केला. आमचे हे शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. काजं-बटणं करण्यात माझाही जन्म गेलाय, त्यामुळे शिवण मला वाचता येते. कमरेच्या शिवणीच्या आतल्या अंगाला टाक्यांच्या भोकांची एक ओळ होती. तिच्या आत दुसरी. तिच्याही आत तिसरी. शिवताना दुमडून ठेवलेली माया जवळजवळ संपली होती. दोरीवरचा दुसरा गाऊन पाहिला, तोही तसाच.

मग मी आरशात पाहिलं. कातडी ताणून चकाकत होती, बेंबी बाहेर आली होती. माझी पाचावर धारण बसली.

गाऊन हातात घेऊन, अंगावर चादर गुंडाळून मी दुकानात गेले. मशीन थांबलं.

"कितीदा उसवून सैल केलात?"

ह्यांनी मान खाली घातली. "तू रोज सकाळी म्हणायचीस, बघा, तसाच बसतोय. तेवढंच हसायचीस दिवसभरात. तो घट्ट झाला असता तर तुझं तोंड मला बघवलं नसतं गं."

"अहो, मी सिस्टरला खोटं सांगत राहिले की!" मी ओरडले, आणि वाक्य संपायच्या आत माझा श्वास संपला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसले. हवा आत येईना. हे हातातली कात्री टाकून धावले. ह्यांचा चेहरा पांढराफटक. हॉस्पिटलला फोन नणंदेनं लावला.

तिथे डॉक्टरांनी पोट नुसतं ठोकून पाहिलं. "अंग झडत होतं आणि पाणी चढत होतं. म्हणून काट्यावर कळलं नाही." मग सोनोग्राफी करून सुई घातली, नळी लावली. पिवळट पाणी पिशवीत उतरत राहिलं, मी भिंतीकडे पाहत राहिले. श्वास मोकळा झाला, भीती मात्र गेली नाही. डॉक्टर निघताना म्हणाले, "पुन्हा साठू शकतं. रोज सकाळी बेंबीवरून माप घ्या. वाढलं, धाप लागली, ताप आला, तर लगेच कळवा."

घरी आल्यावर गाऊन झोळीसारखा लोंबायला लागला. हे सुई-दोरा घेऊन आलेच.

"राहू दे. टेप आणा."

ह्यांच्या दुकानातली एक जुनी रीत मला ठाऊक होती. जाड बाईचं माप तोंडानं बोटभर कमी सांगायचं, कापड मात्र खऱ्या मापानं कापायचं. बायका खूश होऊन जातात.

"मी गिऱ्हाईक नाही. खरं ते सांगायचं."

पहिले काही दिवस आकडा हलला नाही. मला वाटलं, सुटलो. मग एका सकाळी ह्यांनी टेप गुंडाळली, आकडा पाहिला. टेप सोडवून पुन्हा लावली. पुन्हा पाहिला.

"सांगा ना."

"दोन बोटं जास्त."

इतकी भीती मला सुईचीही वाटली नव्हती. हे आता माझ्या कुशीत तोंड लपवतील तर मीही लपवीन, मग फोन कोण करणार? मी नंबर लावला. तिकडून सिस्टरनं विचारलं, "बोला काकू, माप किती?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. टेप अजून माझ्या पोटावरच धरलेली होती. ह्यांनी आकडा मोठ्यानं वाचला.