झोळ भरलेला पट्टा

मित्रांनो, तुम्ही बसा. मी उभाच बरा. वाकणं माझ्या जातीत नाही. मी पाठीचा जुना पट्टा, जाड प्लॅस्टिकचा. एके काळी इतका घट्ट होतो, की आत शिरायला डासही श्वास रोखायचा! आता मात्र दमलोय.

एका शिंप्याच्या मुलीचा कणा एका बाजूला झुकत चालला होता. "मोठ्या डॉक्टरांना दाखवू या," त्याची बायको म्हणाली.

"अगं, मापं घेण्यात माझा जन्म गेला!" असं म्हणून त्यानं दुकानातून मला आणलं, तेही कमरेच्या मापावर, जशी विजारच.

उजव्या बरगडीला मी रेटायचो. डावीकडे माझ्या आत पोकळी होती. शिंप्याला कपड्यातला झोळ म्हणजे शिवी. त्यानं मायेनं तिथं स्पंजची गादी शिवली. मुलगी मला घालून शाळेत जायची, घरी येऊन भिंतीला टेकायची. "पोपटाचा पिंजरा," म्हणायची मला. मी ढकलून ढकलून थकलो, पण पाठ हलेना. उलट एक खांदा वर चढला.

"पुरे झाल्या तुमच्या टाचण्या," असं म्हणत बायकोनं बापलेकीला डॉक्टरांकडे नेलं.

पाठीच्या त्या डॉक्टरबाईंनी मला मुलीच्या अंगावर ठेवूनच एक्स-रे काढला. बाक जसाच्या तसा. त्यांनी माझ्या आत बोट घातलं. "ही गादी कुणी भरली?"

"मीच. झोळ होता ना."

"अहो, झोळ कसला? पाठीला सरकायची वाट होती ती! पट्ट्यानं ढकलायचं आणि तुम्ही पलीकडून दार लावायचं?"

शिंप्याचा चेहरा उतरला. मुलीनं हळूच विचारलं, "मग आता ऑपरेशन?"

"तू अजून वाढते आहेस, योग्य पट्ट्याचा उपयोग होईल. वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही."

तिच्या अंगाचा साचा घेऊन नवा पट्टा झाला. तो घालून काढलेल्या एक्स-रेत बाक कमी दिसला. आईनं डोळे पुसले. शिंप्याचा हात मात्र सवयीनं डावीकडच्या पोकळीकडे गेलाच.

"बाबा, हात मागे!"

"नुसतं बघतोय गं," तो म्हणाला आणि दोन्ही हात खिशात घालून बसला.

मित्रांनो, मी आता शिलाई मशीनखाली धूळ खात उभा असतो. माझं एवढंच ऐका: पट्टा अंगावर चढवून पुन्हा तपासतो, तोच जाणकार निवडा. आणि माया करा, पण वाढत्या पाठीची जागा तिला मोकळी सोडा.