भेसळ

तिने कात्रीने गव्हाच्या पानाचं टोक कापलं, चिमुकल्या नळीत टाकलं, टोपण लावलं आणि नळीवर रोपाचा क्रमांक लिहिला. मग गुडघ्यांवरची माती झटकून ती पुढच्या रोपापाशी बसली. बांधावर खुर्ची टाकून बसलेले तिचे बाबा मघापासून हे पाहत होते. डोक्यावर तिची जुनी टोपी, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर तपासणीला आलेल्या साहेबाचा भाव.

"मॅडम," ते म्हणाले, "पानं कशाला कापताय?"

मॅडम म्हणाले, म्हणजे आज ओळख नव्हती. शेतावरचा मुकादम तिला मॅडम म्हणायचा, ते ऐकून बाबांनीही उचललं होतं. ओळख असेल त्या दिवशी ती ठमी असे. लहानपणी गोलमटोल होती, जिथे जाईल तिथे बसकण मारायची, म्हणून ठमी. आता केस पांढरे व्हायला लागलेल्या, चार माणसांत मान असलेल्या बाईला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यानेही तशी हाक मारली नव्हती.

"पानातून डीएनए काढायचा आहे," ती म्हणाली. "मग कळेल, कुठलं रोप कुणाच्या नात्यातलं."

"सगळा गहूच तर आहे."

"गहूच. पण आतून निरनिराळा."

"बाहेरूनही आहे की." बाबांनी वाफ्याकडे हात केला. "ते बघा, वाढतंय किती उंच. ते पलीकडचं काळपट. भेसळ आहे ही. तुमच्या लक्षात कशी येत नाही?"

तिला हसू आलं. माणसं विसरली, घराचा पत्ता विसरला, पण भेसळ काही नजरेतून सुटली नाही! बाबा बियाणं तपासनीस होते. बियाण्यासाठी लावलेलं शेत एकसारखं असावं लागतं. त्यात वीतभर उंच, वेगळ्या रंगाचं, मागेपुढे फुलणारं असं एकही रोप चालत नाही. ते मुळापासून उपटायचं. याला भेसळ काढणं म्हणतात, आणि बाबांसारखी भेसळ पंचक्रोशीत कुणी काढत नसे. घरीसुद्धा तीच तऱ्हा. शर्टाचं एक बटण वेगळं असलं तर ते त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. शाळेचा फोटो आला की आधी ते चुकीच्या रंगाची रिबीन बांधलेली मुलगी शोधून काढत, आणि बऱ्याचदा ती त्यांचीच निघे.

मुलीने शिकून नेमकं उलट काम धरलं. बापाने जन्मभर जे उपटून फेकलं तेच ती गोळा करत होती. जुन्या वाणांमध्ये किती वेगळेपण शिल्लक आहे ते शोधायचं, जपायचं. यावरून घरात चेष्टेला नुसता ऊत यायचा. "तुम्ही दोघं एका शेतात कधी उतरू नका," असं आई म्हणायची.

आता उतरले होते. बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. दार उघडून चालू लागायचे. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना ओळखीच्या कामाजवळ बसवा, जीव शांत राहील. तो राहतही होता. संस्थेच्या शेतावर ती रोज त्यांना घेऊन यायची आणि ते बांधावर बसून वाऱ्याने हलणाऱ्या गव्हाकडे पाहत.

हा वाफा तिच्या जिवाचा होता. दूरच्या एका खोऱ्यातला जुना गहू, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मिसळूनच पेरत आलेले. उंच, बुटका, कुसळांचा, बिनकुसळांचा, सगळा एकत्र. फार पूर्वी कुणीतरी त्याचा एक डबा संस्थेच्या शीतगृहात आणून ठेवला होता. एका उन्हाळ्यात तिथलं यंत्र बंद पडलं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि बियाणं आतल्या आत मेलं. खोऱ्यात आता कुणी गहू पेरत नव्हतं. तिने अख्खा डबा पेरून पाहिला, तेव्हा जेमतेम हा एक वाफा उगवला. आधी प्रत्येक रोपाचं पान घ्यायचं, डीएनएतल्या खुणा दाखवणारे मार्कर लावून त्यांचं वेगळेपण मोजायचं, आणि मग पिकलं की एकेका रोपाचं बी वेगवेगळं राखायचं. एवढं पार पडलं तर तो गहू वाचला. नाही पडलं, तर दुसरा डबा नव्हता.

पानं घेऊन झाली. पुढचे काही दिवस ती प्रयोगशाळेत पानं खलून, गाळून, डीएनए काढण्यात गुंतली. बाबा बांधावरच्या खुर्चीत असत आणि मुकादम त्यांच्यावर लक्ष ठेवी. तो भला माणूस होता. बाबांना साहेब म्हणायचा, उन्हं फिरली की न सांगता खुर्ची सावलीत सरकवायचा. एव्हाना गव्हाच्या ओंब्या बाहेर पडू लागल्या होत्या.

त्या दुपारी ती बाबांचा डबा घेऊन शेतावर आली आणि आपण चुकीच्या वाफ्यापाशी आलो असं तिला वाटलं. तिने पाटी पाहिली. पाटी तीच होती.

वाफा नीट विंचरलेल्या केसांसारखा दिसत होता. सगळ्या ओंब्या एका उंचीवर, एका रंगाच्या. मधेमधे मोकळ्या मातीचे ठिपके. बाबा वाफ्याच्या मधोमध उभे होते. बाह्या दुमडलेल्या, तळवे हिरवे झालेले, आणि पाठ अशी ताठ की तिने वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती.

"ठमे!" त्यांनी हाक मारली. "ये, ये. किती ग उशीर केलास!"

ती जागच्या जागी थिजली.

"आता बघ," बाबा म्हणाले. "एक तरी ओंबी मान वर काढताना दाखव. मुकादमाला म्हटलं, फुलायच्या आत भेसळ निघाली पाहिजे. नाहीतर तपासणीत आमची ठमी नापास व्हायची!"

"साहेबांची नजर म्हणजे काय सांगू मॅडम," मुकादम हात झटकत म्हणाला. त्याचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "पलीकडच्या बियाण्याच्या वाफ्यांत कालच आम्ही भेसळ काढली. साहेब म्हणाले, हा वाफा का ठेवलाय? तुम्हाला फोनही केला होता."

फोन प्रयोगशाळेच्या बाहेर खणात होता. आत हातमोजे घातलेले असायचे, म्हणून ती तो नेहमीच बाहेर ठेवी.

"उपटलेली कुठे आहेत?"

"ती काय, खताच्या खड्ड्यापाशी."

ती धावली नाही. चालतच तिथे गेली. खड्ड्याच्या काठावर उन्हात ढीग पडला होता. मुळं तुटलेली, पानं गुंडाळलेली. वर एक उंच रोप होतं, काळ्या कुसळांचं. ते तिने उचललं. ओंबी अजून कोवळी होती, दाणा धरायला अवकाश होता. तिला ओरडावंसं वाटलं. जन्मभराचा राग एकदम वर आला, वेगळ्या रिबिनीचासुद्धा. हे काय करून ठेवलंत बाबा, असं म्हणायचंच ठरवून ती परत आली.

"काय ग?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला होता. "राहिली का कुठे?"

तिने तोंड उघडलं. समोरचा माणूस तिला ओळखत होता.

"नाही बाबा. छान झालंय."

ते हसले. बांधावर बसून भूक लागलेल्या माणसासारखे जेवले. जावई दौऱ्यावरून परतले का, तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केलास का, सगळं विचारलं. ती उत्तरं देत होती. मधेच त्यांनी तिच्या ताटलीत आपल्यातला घास वाढला, ती शाळेत असताना वाढायचे तसाच.

जेवणानंतर बाबांना डुलकी लागली तेव्हा तिने मुकादमाला अवजारांच्या खोलीत नेऊन खरं काय ते सांगितलं. तो मटकन खाली बसला.

"मॅडम, मला वाटलं, हाही बियाण्याचाच वाफा. ते इतकं साहेबासारखं सांगत होते."

"ते साहेबच आहेत," ती म्हणाली. त्याला काय बोलणार? त्याने चोख काम केलं होतं, बाबांनी त्याहून चोख.

दोघांनी मिळून ढिगातली रोपं सोडवली. काही ओल्या मातीच्या कुंड्यांत लावली, काही बादल्यांत पाण्यात उभी केली, वर सावलीचं कापड बांधलं. त्यांना ठाऊक होतं की याचा उपयोग नाही. तरी करत राहिले. रोपं हळूहळू पिवळी पडली. ओंब्या चुरडून पाहिल्या तर हातात नुसता भुसा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तिला विचारलं, "मॅडम, गाडी किती वाजता आहे?" आणि पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं.

आता बाबांना शेतावर नेणं तिच्याच्याने होईना. ती त्यांना प्रयोगशाळेत आणून आपल्या टेबलाशेजारी बसवू लागली. सगळ्या रोपांचा डीएनए शीतपेटीत तयार होता, मेलेल्यांचाही. तपासून काही वाचणार नव्हतं. पण न तपासता ठेवणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा खड्ड्यावर टाकणं, असं तिला वाटलं. ती मार्कर लावत गेली. मार्कर लावला की डीएनएमधला ठरावीक तुकडा तेवढा हाती येतो. तो कुठल्या रोपात आखूड असतो, कुठल्यात लांब. जेल नावाच्या पारदर्शक, थुलथुलीत चकतीवर तो लांबीप्रमाणे खाली-वर पट्टा होऊन उमटतो. सगळे एकसारखे असतील तर पट्टे एका रेषेत येतात. वेगळे असतील तर पायऱ्यापायऱ्यांनी पसरतात.

पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. एका डब्यात इतकं वेगळेपण तिने नोकरीच्या उभ्या काळात पाहिलं नव्हतं. पट्टे वर होते, खाली होते, मधे होते. एक तर इतक्या वर होता की तसा गहू संस्थेत दुसरा नव्हताच. कुठलं ते तिला क्रमांक न पाहताही कळलं: उंच, काळ्या कुसळांचं. जी रोपं वाफ्यात अजून उभी होती त्यांचे पट्टे मात्र बहुतेक एका रेषेत होते, दोरी धरून ओढावी तसे. बाबांची नजर खरंच कुठे चुकली नव्हती.

तिने टेबलावर कोपर टेकले आणि तोंड हातांत धरलं. रडूही येईना. सगळं कळत होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठून तिच्या पाठीशी आले, पडद्याजवळ वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बोट नेऊन सर्वांत वरच्या पट्ट्यावर ठेवलं.

"हा ओळीत नाही."

तिने वर पाहिलं.

"दिसत नाही का ग तुला, ठमे?" बाबा म्हणाले. "वेगळं आहे हे. भेसळ. काढलीस का?"

त्यांचं बोट पडद्यावर तसंच होतं, नख वाढलेलं.

"काढली, बाबा."

"शाबास." बोट खाली सरकलं. "आणि हे?"

"तेही काढलं."

"हे?"

"हो."

ते एकेक पट्टा दाखवत गेले, एकही न चुकवता, आणि ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. चित्र संपलं तसे ते थांबले. पडद्यावर ओळीबाहेरचं काही उरलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतली नजर हळूहळू सैल होताना तिला दिसली. आता ते खुर्चीकडे वळतील आणि मॅडम म्हणून गाडीची चौकशी करतील.

"अजून आहे का ग, ठमे?" त्यांनी विचारलं.

"आहे," ती घाईने म्हणाली, आणि तिने पुढचं चित्र उघडलं.