मुलींच्या भरलेल्या बाटल्या

तिचं खरं नाव हजेरीपटातच राहिलं होतं. वर्गात, घरात, आत्याच्या तोंडीसुद्धा ती चौकशीच. नववीत आली तरी तिचे प्रश्न काही संपत नव्हते. म्हणूनच विज्ञानाच्या बाईंनी तिला एका प्रकल्पाच्या गटात घातलं. समुद्रापलीकडच्या एका शाळेबरोबर मिळून आरोग्याचा प्रकल्प करायचा होता: मुलामुलींनी पुरेसं पाणी प्यावं, यासाठी काय करता येईल?

दर शनिवारी सकाळी संगणकाच्या खोलीत, पडद्यावर तिकडची जोडीदार यायची. इतकी उंच, की तिचं कपाळ चौकटीबाहेरच राहायचं. मला सगळे जिराफ म्हणतात, तूही म्हण, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दोघींचंही इंग्रजी बेताचंच, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता.

पोस्टर जवळजवळ तयार झालं होतं: निळा पेला आणि खाली पाण्याचे फायदे. ते पाहता पाहता जिराफने सहज विचारलं, "तू स्वतः शाळेत किती पितेस?"

चौकशीची बाटली रोज जशीच्या तशी घरी जायची आणि आई रोज त्यावरून चार शब्द सुनवायची. फायदे तर तिला तोंडपाठ होते. मग घोडं अडत होतं कुठे?

दोघींनी पोस्टर बाजूला ठेवलं. आठवडाभर दोन्हीकडे वर्गातल्या बाटल्या सकाळी आणि शाळा सुटताना वजन करून पाहायच्या ठरल्या. चौकशीने आईचा स्वयंपाकघरातला काटा दप्तरातून आणला. मुलांच्या बाटल्या निम्म्याने हलक्या होत होत्या. मुलींच्या जेमतेम दोन घोटांनी. तिकडेही तोच प्रकार.

मग एका मधल्या सुट्टीत ती मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन नुसती उभी राहिली. तीन दारं, आणि कडी लागत होती एकाच दाराची. बाकीची दोन्ही दारं कुणाची तरी मैत्रीण बाहेरून धरून उभी. चौकशी स्वतः दोन वर्षं अशीच दार धरत आली होती, आणि जगाला प्रश्न विचारणारीला त्याबद्दल एकदाही प्रश्न पडला नव्हता. तिला स्वतःचीच गंमत वाटली, थोडी चीडही आली.

जिराफकडे दारं धड होती. पण तास चालू असताना जायचं तर सगळ्या वर्गासमोर शिक्षकांच्या टेबलावर परवानगीची खूण म्हणून ठेवलेली लाकडी पट्टी उचलावी लागे, आणि ती उचलली की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. त्यापेक्षा मुली तहान मारत.

आता हे मुख्याध्यापिकांना सांगणार कोण? इकडे चौकशीची जीभ रेटेना, तिकडे जिराफची. शेवटी जिराफलाच युक्ती सुचली. "तुझं पत्र मी लिहिते, माझं तू लिही. तुझ्या बाईंची मला भीती कशाला वाटेल?"

दहा दिवसांनी मुख्याध्यापिकांनी चौकशीला बोलावलं. पत्र टेबलावर उघडं होतं. बाटल्यांची वजनं, दारांची संख्या, सगळं स्वच्छ मांडलेलं.

"माझ्या शाळेतलं मला परदेशातून कळावं?"

"लाज वाटत होती, मॅडम. तिला नाही वाटली, कारण ती इथे शिकत नाही."

मुख्याध्यापिका चष्मा लावून स्वतः वर मुलींच्या स्वच्छतागृहात गेल्या, एकेक दार ओढून पाहिलं. शिक्षिकांच्या वेगळ्या स्वच्छतागृहाला कडी असल्यामुळे आपण इकडे कधी फिरकलोच नाही, एवढंच त्या उतरताना म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुतार आला.

पुन्हा वजनं झाली. इकडे मुलींच्या बाटल्या निम्म्यावर आल्या. तिकडे चौकशीच्या पत्रानंतर पट्टी दाराबाहेरच्या खिळ्यावर गेली, तरी फारसा फरक पडला नाही. हसणारे अजून तिथेच बसतात, असं जिराफ म्हणाली. त्यावर दोघींचा तासभर खल झाला आणि पोस्टर त्या हसणाऱ्यांसाठीच करायचं ठरलं.

संगणक बंद करता करता चौकशीचं बोट वजनांच्या तक्त्यावर थबकलं.

"थांब जरा. गुरुवारी आमच्या मुलांच्या बाटल्या शाळा सुटतानाही भरलेल्याच आहेत. का बरं?"

जिराफने खुर्ची पुढे ओढली.