पालथा मंगळ

मंगळाच्या बाबतीत चूक माझी होती, हे मी आता कबूल करतो. कबूल करायला पंधरा दिवस आणि कणकवलीची एक फेरी लागली, त्याला कारण माझा स्वभाव. माझी बायको सुभद्रा म्हणते, मी चुकलो की आधी आजूबाजूला बघतो, कुणावर ढकलता येतं का ते. म्हणू दे तिला.

मी गुरुदास. विजयदुर्गाच्या अलीकडे आमचं गाव आणि गावात आमची गणपतीची शाळा. शाळा म्हणजे घरामागची खोप (आमचा मांगर), ओली माती आणि साठ गणपती. आषाढात घराघरातून पाट येतात. ज्याच्या पाटावर त्याचाच गणपती घडवायचा आणि चवथीला त्याने येऊन तो डोक्यावरून न्यायचा, अशी आमच्याकडची रीत. वर्षानुवर्षं तोच पाट त्याच शाळेत येतो. पाट दुसरीकडे गेला तर समजावं, काहीतरी बिघडलं.

आमचंही बिघडायला लागलं होतं. बाकीचं काम कसंही निभावतं, पण डोळ्यांची आखणी एका दमात करावी लागते. आणि माझा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. गेल्या वर्षी भिकाजीच्या गणपतीचा एक डोळा जरा वर गेला. भिकाजीने जास्वंदीचा एवढा मोठा हार आणला की पाच दिवस त्याच्या गणपतीला आमच्या गावातलं काही दिसलं नसेल. ते माझ्या मनाला फार लागलं.

म्हणून मी मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या पुतण्याला, बाबूला, पत्र लिहिलं की बाबा रे, ये आणि शाळा सांभाळ. पत्र पेटीत पडायच्या आत लीला माझ्यापुढे येऊन उभी राहिली. लीला माझी मुलगी, तेवीस वर्षांची. बारा वर्षांची असल्यापासून माझ्यासमोर बसून काम करते. सोंडेचं वळण तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं, हे मला माहीत होतं. तिला सांगितलं मात्र कधी नव्हतं.

"शाळा माका होयी," ती म्हणाली. "डोळे मी आखतंय."

"डाव्या हातान देवाचे डोळे?" मी म्हटलं. "लोक पाट परत न्हेतले."

कारण लीला डावखुरी. आमच्याकडे डाव्या हातावर कुणी तीर्थसुद्धा घेत नाही, तिथे देवाचे डोळे कोण आखू देणार? पत्र गेलं. आठ दिवस माझ्या चहात साखर नव्हती.

त्याच आठ दिवसांत सत्यवान मास्तर आले. मास्तर घाटावरचे, आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. माणूस लाख, पण जिथे जातील तिथे छत्री विसरतील. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं आणि देवाचा फोटो ठेवावा तसं माझ्यापुढे ठेवलं.

"गुरुदासकाका, हा मंगळ. अमेरिकेचं यान त्याच्या सहा हजार मैलांवरून गेलं आणि फोटो काढून पाठवले. आजवर इतक्या जवळून कुणी बघितला नव्हता. पंधरा ऑगस्टला कणकवलीत शाळांचं प्रदर्शन आहे. मला हा मातीत करून द्या."

"आणि ह्या गोल गोल काय आसा?"

"ज्वालामुखी असावेत," मास्तर म्हणाले. मजकूर ते घरी विसरले होते. नुसतं चित्रच कापून आणलं होतं.

ज्वालामुखी म्हणजे आग ओकणारा डोंगर, एवढं मला चौथीपर्यंतच्या शिक्षणावर ठाऊक होतं. मी कात्रण समोर धरलं. प्रत्येक गोलाची डावी कड उजळ, उजवी काळी. आता माझी खिडकी कायम माझ्या डाव्या हाताला. उजव्या हाताने काम करणाऱ्याने असंच बसायचं, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. डावीकडून उजेड आणि डावी बाजू उजळ, म्हणजे वर आलेला भाग. गणपतीचं पोट असंच तर दिसतं. चाळीस वर्षं मी उजेड वाचतोय, मला कोण शिकवणार?

समोर बसलेल्या लीलाने कात्रण उचललं आणि आपल्याकडे सरळ करून घेतलं. तीच खिडकी तिच्या उजव्या हाताला, डावखुऱ्याला सोयीची.

"बाबा, ही टेंगळां नाय," ती म्हणाली. "खड्डे आसत."

"तुका काय कळता?"

"उजेड हयसून येता मां? मग खिडकीकडची कड काळी कशाक?"

"उजेड डावीकडसून येता," मी म्हटलं. "सगळ्या जगात."

आणि मी दोन फुटी पाटावर मंगळ केला. चांगली सत्तर टेंगळं उठवली, लहान, मोठी, एकाच्या पोटावर दुसरं. डोळ्यांसारखं बारीक काम नव्हतं, हात थरथरला तरी डोंगर काही तक्रार करत नव्हते. खरं सांगतो, दोन वर्षांनी मला कामात मजा आली.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मास्तर आले. मंगळ बघून म्हणाले, "वा, छान." मग टोपी काढली, परत घातली. इतकं छान मला कुणी म्हटलं की मी समजतो काय ते.

"बोला मास्तर."

"घरी तो मजकूर सापडला," ते म्हणाले. "ते खड्डे आहेत, काका. ज्वालामुखीची तोंडं असतील किंवा वरून दगड आदळून पडले असतील, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चाललंय. पण खड्डे आहेत, यावर सगळ्यांचं एकमत."

लीला कोपऱ्यात उंदरांना शेपट्या लावत होती. तिने मान वर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

सत्तर टेंगळं उकरून सत्तर खड्डे करायला वेळ नव्हता. तीस गणपती रंगाशिवाय बसलेले. "मातयेत घाला तो," असं म्हणून मी उठलो, जेवलो आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. झोप कसली येते? सगळा वेळ मास्तरांची टोपी डोळ्यांपुढे.

चार वाजता मांगरात आलो तर मंगळ जागेवर नाही.

"खंय गेलो माझो मंगळ?"

"तो काय," लीला म्हणाली.

पाटावर पांढरी लादी दिसत होती. गणपतीचे उंदीर आम्ही साच्यातून काढतो, त्यासाठी प्लास्टरचं पोतं असतं. लीलाने माझ्या मंगळाला खोबरेल फासून त्यावर प्लास्टर ओतलं होतं, उंदराचा साचा करतो तसंच. तिने लादी अलगद सुटी करून उलटी केली. माझं प्रत्येक टेंगूळ खड्डा होऊन बसलं होतं. एकही कड तुटली नव्हती.

"पण उजव्याचा डावा झाला," मी म्हटलं. काहीतरी खोड काढायलाच हवी होती.

"झाला तर काय झाला?" ती म्हणाली. "मंगळ तो मंगळच."

मी काव भिजवायला घेतली.

काव लावून लाल केलेला मंगळ गोणपाटात गुंडाळून आम्ही मास्तरांबरोबर एस.टी.ने निघालो. नांदगावच्या तिठ्यापर्यंत तो लीलाच्या मांडीवर होता, पुढे माझ्या. डावं-उजवं झाल्याचं मी मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिथे जाऊन ताडून कोण बघणार?" आणि छत्री गाडीतच विसरून उतरले.

प्रदर्शनात गर्दी आमच्याच टेबलाशी. शिक्षणखात्याचे एक साहेब आले, एकेका खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मास्तरांनी माझ्याकडे हात केला. मीही घसा साफ केला होता, खोटं कशाला बोलू. मग माझं लक्ष लीलाकडे गेलं. ती टेबलावर सांडलेली काव पुसत होती, डाव्या हाताने. अकरा वर्षं समोर बसून तिने मला बघितलं होतं आणि मी तिच्या जागेवरून एकदाही बघितलं नव्हतं.

"माझ्या मुलीने केलं, साहेब," मी म्हणालो. "मी चुकवलं होतं. तिने सरळ केलं."

घरी पोचताच मी बाबूला कार्ड टाकलं: येऊ नकोस. आलास तर उंदीर रंगवावे लागतील.

दुसऱ्या दिवशी पहिला गणपती भिकाजीचाच घेतला. लीला तिच्या जागेवर बसली, उजेड तिच्या उजवीकडून. मी कुंचला तिच्या हातात दिला आणि समोर बसून पाट धरला. तिने दम धरला आणि रेघ ओढली. केसासारखी बारीक आणि स्वच्छ. दुसरा डोळाही तसाच. मला रडू आलं, ते मी सर्दीवर ढकललं.

चवथीच्या सकाळी भिकाजी हार घेऊन आला. गणपतीसमोर उभा राहून त्याने दोन्ही डोळे न्याहाळले.

"यंदा हात बरो झालो तुझो," तो म्हणाला.

नुसतं "होय" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मागे लीला उभी होती.

"हात माझो नाय," मी म्हटलं. "लीलाचो. डावो."

भिकाजीने गणपतीकडे बघितलं, मग लीलाच्या हाताकडे, मग पुन्हा गणपतीकडे. हार त्याने आपल्या खांद्यावर टाकला, चुंबळ नीट केली आणि आम्ही दोघांनी पाट त्याच्या डोक्यावर ठेवला. मांगराच्या दारात तो थांबला. मान वळवता येईना, म्हणून रस्त्याकडे बघतच बोलला.

"चेडवा, फुडल्या वर्साक पाट तुझ्याकडे हाडतंय. बापाशीच्या हातात कुंचलो दिव नको."